देह : वस्त्र की वीण?

धर्मशिक्षणाच्या वर्गात ‘मनुष्य म्हणजे काय?’ असे विचारले असता बहुधा एकच उत्तर येते : देह हे वस्त्र, आणि आत्मा ते पांघरणारा. अंत्यविधीच्या प्रवचनात आम्हीही ही उपमा अनेकदा योजिली आहे. ती खरोखर ख्रिस्ती शिकवण आहे काय, हा येथील प्रश्न आहे. आणि त्यासाठी वस्त्रे विणणाऱ्या एका नगरीचा, तापीतीरावरील बऱ्हाणपूरचा इतिहास आम्ही साक्षीला घेत आहोत.

उपमा पुरातन आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात ती आहे. प्लेटोच्या ‘फायडो’ संवादात आत्मा हा विणकर आणि देह हे त्याने विणून वापरलेले वस्त्र, अशा रूपात ती येते. पुढे १६४१ साली पॅरिस येथे देकार्तचा ‘मेडिटेशन्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात विचार करणारे मन आणि जागा व्यापणारा देह ही दोन स्वतंत्र द्रव्ये ठरली. त्याच वर्षी ताव्हर्निये हा फ्रेंच व्यापारी बऱ्हाणपुरात होता. येथील तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड व कैरोपर्यंत जाते, असे त्याने नोंदविले आहे. या विणकरांच्या नगरीतच एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कबीरपंथी पूरणसाहेब यांनी ‘बीजका’वर ‘त्रिज्या’ ही टीका लिहिली व पारख मताला शास्त्रीय बांधणी दिली. चेतन जीव व जड ही परस्परांहून सर्वथा भिन्न, हे त्या मताचे सूत्र होय. त्या परंपरेतील दया व सदाचार आम्हांस आदरणीय वाटतात. तथापि सिद्धांतापुरते पाहता तेथेही देह परकाच राहतो.

आता याच नगरीचे १६३० ते १६३२ हे दुष्काळाचे पर्व पाहावे. इंग्रज व्यापारी पीटर मंडी १६३० मध्ये सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेल्या प्रेतांचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. दख्खनच्या मोहिमेसाठी शाहजहान तेव्हा येथे मुक्कामास होता. त्याने लंगर उघडले. दर सोमवारी ५,००० रुपये याप्रमाणे वीस सोमवारी एक लाख रुपये वाटल्याची नोंद अब्दुल हमीद लाहोरीने केली आहे. जून १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल येथेच निवर्तली. तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत तिचे दफन झाले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तिचा देह आग्र्यास नेण्यात आला.

देह टाकून दिलेले वस्त्र असता, तर कोणी तो शेकडो कोस वाहून नेला नसता. रस्त्यावरच्या त्या अनाम प्रेतांच्या वाट्याला मात्र कबरही आली नाही. हा विरोध आम्हांस अस्वस्थ करतो. ज्यावर आपले प्रेम असते त्याचा देह आपण कधीच कवच मानीत नाही. देहाची नश्वरता आपल्याला बहुधा परक्याच्या बाबतीत आठवते.

पवित्र शास्त्रही विणकामाची भाषा बोलते. स्तोत्र १३९ च्या मूळ हिब्रूत, मातेच्या उदरातील घडण सांगताना, विणण्याचे व भरतकामाचे शब्द आले आहेत. तेथे मनुष्यच विणला जातो. संत पौल हा तंबू करणारा कारागीर. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो देहास तंबू व वस्त्र म्हणतो खरा. परंतु त्याला विवस्त्र व्हावयाचे नाही, वरून अधिक ल्यावयाचे आहे. आत्मा हे देहाचे रूपतत्त्व होय, असे व्हिएनच्या महासभेने १३१२ साली ठरविले. देह व आत्मा मिळून मनुष्य एक आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ साली सांगितले. मृत्यूनंतर आत्मा उरतो, हे ख्रिस्तसभा मानतेच. पण तिची आशा तेथे थांबत नाही, ती पुनरुत्थानाची वाट पाहते.

बऱ्हाणपुरात आज यंत्रमाग चालतात. सुताची धूळ वर्षानुवर्षे श्वासात गेली की फुप्फुसे झिजतात. अशा कामगाराच्या घरी प्रार्थनेस गेलेल्या धर्मशिक्षकाने त्याच्या खोकल्याची चौकशी केली, त्याला दवाखान्यात नेले, तर त्याने आत्म्याची सेवा सोडली असे कोणी म्हणू नये. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील न्याय भूक, तहान आणि आजारपण यांवरच होतो. उभा धागा कोणता व आडवा कोणता हे विणकर सांगू शकतो. पण ते वेगळे काढले की कापड उरत नाही.

म्हणून पुढील अंत्यविधीच्या वेळी जुन्या वस्त्राची उपमा बाजूस ठेवावी, आणि विश्वासांगीकारातील देहाच्या पुनरुत्थानाचे वचन शोकाकुल कुटुंबास अर्थासह समजावून सांगावे, अशी आमच्या धर्मबंधूंस विनंती आहे.