सरमेचा प्रश्न

महाभारताच्या आदिपर्वात एक लहानशी कथा येते. कुरुक्षेत्रावर जनमेजयाचे सत्र चालू असताना देवशुनी सरमेचे पिल्लू तेथे आले आणि राजाच्या भावांनी त्यास बदडून काढले. पिल्लू रडत आईकडे गेले. ‘तुझा काही अपराध घडला असेल,’ असे आई म्हणाली. पिल्लाने सांगितले की, आपण हविर्द्रव्य चाटले नाही, त्याकडे पाहिलेदेखील नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात आली आणि माझ्या मुलाला का मारले, असे तिने सर्वांसमक्ष विचारले. कोणापाशीही उत्तर नव्हते. निरपराध्यास मारलेत, तुमच्यावरही न दिसणारे भय कोसळेल, असा शाप देऊन ती निघून गेली.

विद्यार्थिदशेत ही कथा मी केवळ उपकथा म्हणून वाचली होती. तिचा अर्थ उमगला तो शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, लिंबायतच्या आमच्या घरात. मुलाने रॉटवायलर जातीचे दोन महिन्यांचे पिल्लू आणले. ओटा धरून तीन खोल्यांचे घर, पलीकडच्या गल्लीत यंत्रमागांची अखंड खडखड आणि घरात दोन नातवंडे. पिल्लाने देवघरापाशी घाण केली, की मी वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्यास मारीत असे. पंधरा दिवसांत त्याने माझ्यासमोर लघवी करणे सोडले. मात्र पलंगाखाली, कपाटामागे, जेथे मी दिसत नसे तेथे तो ती करू लागला. घर स्वच्छ ठेवण्याचा धडा त्याने घेतलाच नव्हता. त्याने घेतलेला धडा एवढाच होता, की या म्हाताऱ्यापासून लपावे.

बलवान श्वानाचे कौतुक आपल्या सुरतेला नवीन नाही. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रजांची जहाजे सुरतेजवळ सुवाळीच्या किनाऱ्याला लागत. १६१५ साली सर टॉमस रो वकील म्हणून आला तो याच वाटेने. त्याचा धर्मोपदेशक एडवर्ड टेरी याने लिहून ठेवले आहे, की जहांगीर बादशहाला नजर म्हणून इंग्लंडहून मॅस्टिफ जातीचे आठ कुत्रे पाठविले होते. त्यांपैकी दोनच जिवंत पोहोचले. त्यातला एक सुटला आणि थेट हत्तीच्या सोंडेला जाऊन लोंबकळला. बादशहा इतका खूष झाला, की प्रत्येक कुत्र्यामागे चार सेवक नेमले गेले, त्यांच्यासाठी पालखी आली आणि स्वहस्ते घास भरविता यावा म्हणून चांदीचा चिमटा घडविला गेला. या हकिगतीत सेवक आहेत, चिमटा आहे. पण सुटलेल्या कुत्र्याला हाक मारून परत बोलावणारा कोणी नाही. शक्तीचे कौतुक झाले, शिक्षणाचा विचार झाला नाही.

तो विचार पद्धतशीरपणे पुढे जर्मनीत झाला. आपोल्डा गावचा लुई डॉबरमन हा करवसुलीचे काम करी. सरकारी पैसा गोळा करीत हिंडणाऱ्या माणसाला सोबत कशी हवी, हे माझ्यासारख्या नोकरदारास सांगावे लागत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याने जोपासलेल्या कुत्र्यांना पुढे त्याचेच नाव मिळाले. रॉटवाइल गावच्या खाटकांचे कुत्रे गुरे हाकीत आणि गाडे ओढीत. रेल्वे आल्यावर त्यांचे ते काम गेले आणि पुढे पोलिसांनी त्यांना हाताशी धरले. १९१० साली कॉनराड मोस्ट या पोलीस अधिकाऱ्याने श्वानशिक्षणावर ग्रंथ लिहिला. त्याच्या पद्धतीत सक्ती होती, चाबूकही होता. तथापि बक्षीस असो वा शिक्षा, ती कृतीच्या क्षणीच मिळाली पाहिजे, हे तत्त्वही त्याने मांडले. पुढे १९६५ साली स्कॉट आणि फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पिल्लाच्या वयाचा साधारण तिसरा ते बारावा आठवडा हा माणसांशी आणि जगाशी ओळख होण्याचा मोलाचा काळ असतो.

महाराष्ट्रातही ही विद्या रुजली. मुंबई पोलिसांचे श्वानपथक १९५९ साली डॉबरमन कुत्र्यांनिशी उभे राहिले. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकणारा ‘जंजीर’ हा लॅब्रेडोर पुण्याच्या केंद्रात शिकला होता. अशा पथकात कुत्र्याबरोबर त्याचा हँडलरही शिकतो, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमच्या घरी तसेच घडले. प्रथम मी शिकलो. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लास ठरलेल्या एकाच जागी न्यावयाचे, एकच शब्द उच्चारावयाचा आणि काम होताच तेथेच शाबासकी व बक्षिसाचा तुकडा द्यावयाचा. घरात घाण झालेली मागाहून दिसली, तर मुकाट्याने पुसावयाची आणि वासही उरू द्यावयाचा नाही. कारण तासाभरापूर्वीचा अपराध व आताचा मार यांची सांगड कुत्र्यास घालता येत नाही. ‘ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ हे शब्द घरातील सर्वांनी एकसारखेच वापरावयाचे. धडा पाचच मिनिटांचा, पण दिवसातून तीन-चार वेळा. पट्टा ताणला, की आपण थांबावयाचे. सैल झाला, की चालावयाचे. जेवणाच्या थाळीपाशी परवानगीवाचून तोंड घालू द्यावयाचे नाही. दीड-दोन महिन्यांत घर कोरडे राहू लागले. पलंगाखाली लपणे सुटावयास मात्र त्याहून अधिक काळ लागला. भय बसविण्यास पंधरा दिवस पुरले होते.

हा विषय केवळ घरगुती नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी सुचविणारे परिपत्रक काढले. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द ठरविले. मे २०२५ मध्ये अहमदाबादेत पट्ट्यातून निसटलेल्या रॉटवायलरच्या हल्ल्यात चार महिन्यांची बालिका मृत्युमुखी पडली. त्या बातमीनंतर कित्येक दिवस नातवंडांना मी कुत्र्याजवळ एकटे सोडले नाही; आजही सोडत नाही. शिकविलेला असला, तरी पंचेचाळीस किलोंचा कुत्रा तो पंचेचाळीस किलोंचाच. जातीवर बंदी घालावी की नाही, हे जाणकारांनी ठरवावे. मात्र ज्याच्या घरी वेळ नाही आणि नियमितपणा नाही, त्याने असा श्वान आणूच नये, हे मी अनुभवाने सांगू शकतो.

कुत्रा चुकला, की आपण काठी शोधतो. पराक्रम केला, की चांदीचा चिमटा. सरमेने विचारलेला प्रश्न मात्र साधा होता : याचा अपराध काय? आमच्या घरी त्याचे खरे उत्तर मला द्यावे लागले. अपराध पिल्लाचा नव्हता. त्याला वेळेवर बाहेर कोणी नेले नव्हते.