पितळेचा गाव आणि हवेतला कर्ब

दिवाळी तोंडावर आली की आमच्या भंडाऱ्याच्या घरी माळ्यावरची पितळी भांडी खाली उतरत. त्यांत आजीचा चिवडा कालवायचा मोठा गंज असे. आमच्या झाडीपट्टीत मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. लोखंडावर चढतो तो निराळा! चिंच लावून घासला की काळवंडलेला गंज पिवळाधमक होई, आणि आत कल्हईचा रुपेरी मुलामा चमके. भंडारा हा पितळेचा गाव. गावाचे नावच 'भाण' म्हणजे भांडे या शब्दावरून पडले, असे लोक सांगतात. पुढे स्टीलचे दिवस आले आणि तो गंज मीच मोडीत घातला. आपण काय विकले, हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्याचीच ही हकीकत.

कोळसा जळला की जो वायू उरतो, त्यास जुन्या पुस्तकांत कर्बद्विप्राणिद म्हणत. मुलांच्या पुस्तकांत तो कार्बन डायऑक्साइड आहे. १९५८ साली कीलिंग या शास्त्रज्ञाने हवाई बेटावर त्याचे नियमित मोजमाप सुरू केले, तेव्हा हवेच्या १० लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. हा वायू म्हणजे जळून गेलेल्या इंधनाची जणू राखच. राखेचे पुन्हा सरपण करता येईल काय? झाडे हे काम उन्हाच्या बळावर करतात. माणसाने ते विजेच्या बळावर करून पाहिले.

१८७० साली रॉये नावाच्या फ्रेंच रसायनज्ञाने विजेच्या साहाय्याने या वायूपासून फॉर्मिक आम्ल मिळवले. लाल मुंगी चावल्यावर जी आग होते, ती याच आम्लाची. पण हा वायू मोठा हट्टी. त्याला बोलते करायला मध्यस्थ लागतो. रसायनशास्त्रात त्यास उत्प्रेरक म्हणतात. लग्न जुळवणारा गृहस्थ दोन्ही घरी खेटे घालतो, पण स्वतः बोहल्यावर चढत नाही, तसाच हा.

जपानमधील चिबा विद्यापीठात होरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा मध्यस्थ शोधायला निरनिराळ्या धातूंचे पत्रे घेतले आणि वायू मिसळलेल्या क्षारजलात त्यांतून वीज सोडली. त्यांचे निष्कर्ष १९८५ च्या सुमारास प्रसिद्ध झाले. कथिलावर मुख्यतः फॉर्मिक आम्ल मिळाले. जस्त, चांदी व सोने यांवर कार्बन मोनॉक्साइड निघाला. लोखंड व प्लॅटिनम यांनी बहुतेक वीज पाण्यातून हायड्रोजन काढण्यातच खर्चिली. एकट्या तांब्याने मात्र मिथेन आणि एथिलीन असे इंधनाच्या कुळातले वायू भरपूर दिले. आंबा पिकताना जो वायू सोडतो, तोच हा एथिलीन.

ही यादी वाचली आणि मी चमकलो. तांबे, जस्त, कथील! पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आतली कल्हई म्हणजे कथील. तिन्ही मध्यस्थ आजीच्या गंजात एकत्र नांदत होते!

तांब्याचेच एवढे काय कौतुक? सोने-चांदी पाहुण्याला उंबऱ्यावरूनच निरोप देतात. प्लॅटिनम त्याला घरजावई करून ठेवते. तांबे मात्र त्याला पुढची बोलणी होईतो बसवून घेते, आणि तेवढ्या वेळात कर्बाचे दोन अणू जोडले जातात. पण तांब्याला एका गोष्टीवर ठाम राहता येत नाही. २०१२ साली स्टॅनफर्ड येथे मोजले, तर तांब्यावरून १६ निरनिराळे पदार्थ निघाले. त्याच वर्षी तेथील दुसऱ्या संशोधकांनी तांबे हवेत ५०० अंशांवर तापवले, त्यावर चढलेला प्राणिदाचा थर परत तांब्यात बदलला, आणि कमी दाबाच्या विजेवर ते अधिक चांगले काम करू लागले. २०१६ साली सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात तांब्याशेजारी जस्त बसवले. जस्ताने मोनॉक्साइड तयार करून द्यावा आणि तांब्याने त्याचा मद्यार्क करावा, अशी वाटणी. चार भाग तांबे आणि एक भाग जस्त असताना मद्यार्क सर्वांत जास्त मिळाला. ते आपले ओतीव पितळ नव्हते. पण जोडी तीच.

आमच्या कासारांना हे सारे ठाऊक होते, असा खोटा अभिमान मी मिरवणार नाही. त्यांना भांडे घडवायचे होते. पण धातूला किती ताप द्यावा, कशाशी मिसळावे, पृष्ठभाग कसा राखावा, यावर त्याचा गुण ठरतो, हे त्यांचे हात जाणत होते. प्रयोगशाळेत आज याच प्रश्नांची उत्तरे अणूच्या मापाने शोधली जात आहेत.

काम मात्र अपुरे आहे. उत्प्रेरक काही काळाने थकतो. शिवाय वीज कोळशाचीच असेल, तर जितका कर्ब पकडावा त्याहून अधिक धुराड्यातून सुटतो. म्हणजे एका हाताने झाडावे आणि दुसऱ्याने केर टाकावा. वीज उन्हाची किंवा वाऱ्याची हवी, तरच हिशेब जुळतो.

यंदा मी बाजारातून एक लहानसा पितळी गंज आणला. कल्हईवाला शोधायला दोन दिवस गेले. नवसागराचा धूर उठला, तशी नात नाक धरून ओरडली, "आजोबा, हे कशासाठी?" मी म्हटले, "बस जवळ, सांगतो." आणि आजीच्या गंजापासून सुरुवात केली.