डोंगराला कुलूप

मँचेस्टर हे नाव आपल्याकडे आले ते कापडाच्या गठ्ठ्यावर छापून. मुंबईच्या गिरण्या आणि लँकेशायरच्या गिरण्या यांची स्पर्धा आपण शाळेत शिकलो. स्वदेशीच्या चळवळीत त्या कापडाच्या होळ्या झाल्या, आणि सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी लँकेशायरमधील डार्वेन गावी जाऊन तेथील बेकार गिरणी-कामगारांना भेटले, हेही आपण वाचले. परंतु ज्या माणसांनी ते कापड विणले, ती रविवारी काय करीत होती, हे आपण क्वचितच विचारले. त्या रविवारांचा इतिहास मला आज मांडावयाचा आहे. तो एका डोंगराचा इतिहास आहे, आणि त्या डोंगराला लागलेल्या कुलपाचाही.

रविवार ही वस्तू कामगाराला आयती मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी-कामगारांची संघटना उभी केली, तेव्हा त्यांच्या मागण्यांत आठवड्याची सुट्टी ही प्रमुख मागणी होती. ती १० जून १८९० रोजी मान्य झाली. इंग्लंडात १८५० च्या कायद्याने स्त्रिया आणि अल्पवयीन कामगार यांचे काम शनिवारी दुपारी दोन वाजता थांबू लागले. सुट्टी पदरात पडली, पण सुट्टीत जावयाचे कोठे, हा प्रश्न उरलाच. घर म्हणजे धुराने काळवंडलेली चाळ. त्या चाळीच्या टोकावरून मात्र डोंगर दिसत असे. मँचेस्टर आणि शेफील्ड यांच्या मधोमध किंडर स्काऊट नावाचे ६३६ मीटर उंचीचे पठार आहे. दोन्ही शहरांतून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतके ते जवळ. पण त्यावर पाय ठेवण्याची मात्र मनाई होती.

ही मनाई कोठून आली? ब्रिटिश पार्लमेंटने १६०४ ते १९१४ या काळात गावची सामायिक जमीन कुंपणात घालण्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले आणि सुमारे ६८ लाख एकर जमीन खासगी मालकीत गेली. किंडरचा माळही एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असाच वाटला गेला. त्यावर पीक म्हणावे असे काही येत नाही; पीट नावाची काळी, भिजलेली माती आणि हेदरची झुडपे. परंतु त्या झुडपांत ग्राऊज नावाचा तित्तिराच्या जातीचा पक्षी वाढतो आणि ऑगस्टपासून त्याची शिकार करणे हा श्रीमंतांचा शौक होता. पक्षी बिचकू नयेत म्हणून माणसे नकोत, एवढे साधे कारण. त्यासाठी मालकांनी दंडुकेवाले राखणदार ठेवले.

बोल्टन या कापडाच्या गावी पहिला मोठा झगडा झाला. तेथील विंटर हिलवर जाणारा जुना रस्ता कर्नल आइन्सवर्थ या जमीनदाराने फाटक घालून बंद केला. हे घराणे कापड धुऊन पांढरे करण्याच्या धंद्यावर वर आलेले. शफलबॉटम नावाच्या समाजवादी चांभाराने आणि त्याच्या सोबत्यांनी लोकांना हाक दिली. रविवार, ६ सप्टेंबर १८९६ रोजी मिरवणूक निघाली तेव्हा हजारभर माणसे होती; गल्लीगल्लीतून लोक मिळत गेले आणि फाटकापाशी पोहोचेपर्यंत ती दहा हजारांच्या घरात गेली. फाटक मोडले, लोक डोंगरावर गेले आणि पलीकडे उतरले. पुढच्या रविवारी पुन्हा गेले. मग मालकाने पुढाऱ्यांवर दावे लावले आणि १८९७ साली न्यायालयाने निकाल मालकाच्या बाजूने दिला. दहा हजार पायांनी मोकळा केलेला रस्ता एका कागदाने बंद झाला. आश्चर्य असे की, १९३८ साली ती जमीन बोल्टनच्या नगरपालिकेनेच विकत घेतली आणि त्या रस्त्यावरचा लोकांचा हक्क १९९६ साली कागदावर आला. शंभर वर्षांनी.

येथवरची गोष्ट सोपी आहे: एक जमीनदार, एक जमाव. गुंता पुढे आहे, कारण पुढे कुलूप लावणाऱ्यांत खुद्द शहरेही सामील झाली.

मँचेस्टरमध्ये १८३२ आणि १८४९ साली पटकीची साथ आली. घाणेरड्या पाण्याने गरीब माणूस आधी मरतो, हे सांगण्यासाठी आकडे लागत नाहीत. शहराने १८४८ पासून लाँगडेंडेलच्या खोऱ्यात एकाखाली एक असे तलाव बांधावयास घेतले. ते काम जवळजवळ तीस वर्षे चालले, आणि बेटमन या इंजिनिअरच्या त्या कामाचे मोल कोणी नाकारू नये. परंतु तलाव झाला की पाणलोट आला, आणि पाणलोट आला की 'पाणी दूषित होईल, येथे येऊ नये' ही पाटी आली. जमीनदार पक्ष्यांच्या नावाने माणसे अडवीत होता. शहरे पाण्याच्या नावाने अडवू लागली. आणि शहराची सबब अधिक वजनदार होती, कारण ज्याला अडवावयाचे त्याच्याच मुलाबाळांचे आरोग्य ती पुढे करीत होती.

ही भीती खोटी होती काय? नव्हती. १९३७ साली लंडनजवळच्या क्रॉयडन येथे विषमज्वराची साथ येऊन ४३ माणसे मेली. तेथे विहिरीत दुरुस्तीचे काम चालू होते, काम करणाऱ्यांपैकी एकाच्या अंगात रोगाचे जंतू होते आणि नेमके त्याच वेळी पाण्यात क्लोरिन घालणे थांबवलेले होते. एवढ्यावरून कोणी म्हणेल, पाहा, माणसाला पाण्यापासून दूरच ठेवले पाहिजे. पण नीट पाहिले तर धडा निराळा निघतो. लिंकन शहरातील साथीनंतर १९०५ पासूनच इंग्लंडात पाणी क्लोरिनने शुद्ध करण्याची विद्या सिद्ध झाली होती. क्रॉयडनला माणसे मेली ती शुद्धीकरण थांबवल्यामुळे. कोणी डोंगरावर फिरावयास गेला म्हणून नव्हे. शिवाय, पाणलोटाच्या माळांवर शिकारीचे हक्क भाड्याने देण्याची चाल होतीच. म्हणजे बंदूकवाल्याच्या बुटांनी पाणी बिघडत नव्हते, गिरणीवाल्याच्या बुटांनी मात्र बिघडत होते! अखेर १९४८ साली सरकारी समितीने पाणलोटांचा प्रश्न तपासला. शुद्धीकरणाची व्यवस्था नीट असेल तर लोकांना सरसकट बंदी करण्याचे कारण नाही, असाच तिचा निष्कर्ष होता.

मार्ग ठाऊक नव्हता, असेही नाही. मँचेस्टरने थर्लमियर सरोवराचे पाणी आणण्याचा घाट घातला तेव्हा मोठा विरोध झाला. त्या विरोधामुळे १८७९ च्या कायद्यातच असे कलम घातले गेले की, सरोवराभोवतीच्या डोंगरांवर जाण्याची लोकांची जी वहिवाट आहे तिला शहराने बाध आणू नये. पाणीही आले आणि डोंगरही मोकळा राहिला. जेथे लोक आधी भांडले तेथे कलम मिळाले. जेथे भांडले नाहीत तेथे पाटी मिळाली.

आता किंडरकडे येऊ. हेफील्ड गावाकडील किंडरचा भाग मँचेस्टरच्या एका कापड-व्यापारी घराण्याच्या मालकीचा होता. म्हणजे आठवडाभर ज्या धंद्यासाठी राबावे, रविवारी त्याच धंद्याच्या पैशाने उभ्या केलेल्या कुंपणाशी थांबावे. २४ एप्रिल १९३२, रविवार. ब्रिटिश कामगारांच्या एका क्रीडासंघाने उघड हाक देऊन किंडरवर जाण्याचे ठरविले. पुढारी बेनी रॉथमन, वय वर्षे वीस. हेफील्डच्या मैदानावर ग्रामपंचायतीच्या नियमाने सभेला बंदी होती, म्हणून मंडळी गावाबाहेरच्या दगडाच्या खाणीत जमली. सुमारे चारशे तरुण विल्यम क्लफ या घळीतून वर चढले. राखणदारांशी झटापट झाली, एक राखणदार जखमी झाला. उतरल्यावर अटका झाल्या.

दुसऱ्याच्या जमिनीत नुसते शिरणे हा त्या कायद्याने फौजदारी गुन्हा नव्हता. म्हणून दंगलीचे आरोप ठेवले गेले. डर्बीच्या न्यायालयात ज्या ज्युरीपुढे हा खटला आला, तीत ब्रिगेडियर-जनरल, कर्नल, मेजर, कॅप्टन आणि जमीनदार गृहस्थ यांचाच भरणा होता. पाच तरुणांना दोन ते सहा महिने तुरुंगवास झाला. रॉथमनला चार महिने. फिरणाऱ्यांच्या जुन्या संघांना हा धडाका पसंत नव्हता. अर्ज-विनंत्यांनी मिळत आलेले हातचे जाईल, असे त्यांना वाटे. आमच्या चळवळीतही हा वाद नवा नाही, आणि दोन्ही बाजूंस काही तथ्य असते. परंतु शिक्षा ऐकल्यावर नेमस्त मंडळीही चिडली, आणि त्याच जूनमध्ये विन्नॅट्स खिंडीतल्या सभेला सुमारे दहा हजार लोक आले.

आता तिसरी सबब घेऊ: धोका. 'डोंगर धोक्याचा आहे, तुमच्या जिवासाठीच अडवतो.' कामगार संघटनेत काम करणाऱ्याला ही भाषा परिचयाची आहे. यंत्राच्या पट्ट्यावर जाळी बसवावयाची नसली की मालक 'सावधान' अशी पाटी लावतो, आणि बोट तुटले की पाटीकडे बोट दाखवतो. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने उलट सांगितले होते: धोक्याच्या यंत्राला कुंपण घाला. कुंपण यंत्राला घालावयाचे, कामगाराच्या पोटाला नव्हे.

किंडर आणि त्याच्या शेजारचा ब्लीक्लो हे डोंगर खरोखरच धोक्याचे आहेत. धुके क्षणात उतरते, दलदलीत वाट हरवते, थंडी हाडांत शिरते. १९२८ साली लॅडो येथील कड्यावरून एक तरुण पडला. त्याला वेदनाशामक औषधाविना तासन्‌तास खडतर वाटेने खाली आणले गेले आणि अखेर त्याचा पाय कापावा लागला. तेव्हा मँचेस्टरचे शस्त्रवैद्य विल्सन हे यांनी काय केले? डोंगर बंद करा, असे ते म्हणाले नाहीत. डोंगरातून जखमी माणूस आणण्याजोगी झोळी तयार करावी आणि जागोजागच्या मदत-चौक्यांवर मॉर्फिन असावे, यासाठी ते झटले. परवानगीवाचून मॉर्फिन दिल्याबद्दल १९४९ साली त्यांना दंडही झाला. मार्च १९६४ मध्ये पायी चालण्याच्या एका स्पर्धेत तीन तरुण स्काऊट खराब हवेत त्याच डोंगरांवर मेले. त्या दुःखातून त्याच वर्षी पीक भागातील बचाव-पथकांची एकत्र संघटना उभी राहिली. धोक्याला उत्तर असे देतात.

कायदा मात्र हळूहळू आला. १९३९ चा कायदा क्रीच जोन्स या कामगार पक्षाच्या सभासदाने मांडला, पण पार्लमेंटमधून बाहेर पडेपर्यंत त्याचे रूप असे बदलले की, काही ठिकाणी नुसते शिरणेच शिक्षापात्र ठरावे. मागणीपत्रात आपण जे लिहितो आणि करारात जे उतरते, त्यांत किती अंतर पडते याचा हा नमुनाच. १९४९ च्या कायद्याने तो रद्द झाला. १७ एप्रिल १९५१ रोजी पीक हे ब्रिटनमधील पहिले राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. मालकांशी करार होत गेले, आणि १९५४ पासून तेथे वाट दाखविणारे, मदत करणारे पगारी वॉर्डन नेमले गेले. दंडुकेवाल्याच्या जागी वाटाड्या आला. मोकळ्या माळावर पायी फिरण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र २००० च्या कायद्याने मिळाला. २००२ साली, सत्तराव्या स्मृतिदिनाच्या सभेत, डेव्हनशायरच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या काळी झालेल्या अन्यायाबद्दल त्याच खाणीपाशी जाहीर क्षमा मागितली.

हक्क मिळाला म्हणजे बंधन संपले, असे नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात सॅडलवर्थचा माळ पेटला, पीट आतून धुमसत राहिले, लष्कर बोलवावे लागले. २००० च्याच कायद्यात आगीचा धोका असेल तेव्हा माळ मुदतीपुरता बंद ठेवण्याची तरतूद आहे, आणि अशा माळांवर विस्तव पेटविण्यास त्या भागातील नगरपालिकांनी मनाई केली आहे. या मनाईला माझा विरोध नाही. ती एका कृत्याला आहे, सर्वांना सारखी आहे आणि तिचे कारण कोणालाही तपासता येते. जुनी मनाई माणसाच्या जातीला होती. बंदूक घेऊन येणाऱ्याला ती नव्हती.

म्हणून कोठेही बंदीची पाटी दिसली तर तिला तीन प्रश्न विचारावेत. धोका खरा आहे काय? तो कमी करण्यासाठी पाटी लावणाऱ्याने स्वतः काय केले? आणि या पाटीआड कोणाला आत सोडले जाते? पाटी शहराने लावलेली असली तरी विचारावेत. किंबहुना तेव्हा अधिकच विचारावेत, कारण ते शहर आपले असते आणि उत्तर देणे त्याच्यावर बंधनकारक असते.