मागणारा उरला तर

आमच्या सांगोल्याच्या माळावर मऊ बियांचा ‘गणेश’ मागे पडला आणि लालभडक दाण्यांचा ‘भगवा’ घरोघरी गेला. डाळिंबाचे जे झाले, तेच त्याआधी द्राक्षाचे झाले होते. नाशिककडे एके काळी भोकरी नि फकडी ही बियांची द्राक्षे मांडवांवर लोंबत. बिनबियांचे थॉमसन आले आणि ती बाजारातून उठली.

इटलीत पिडमाँट प्रांती तोर्तोनाच्या टेकड्यांवर तिमोरासो या पांढऱ्या द्राक्षावर हीच पाळी आली होती. पीक बेभरवशाचे, म्हणून शेतकऱ्यांनी ते सोडले. वाल्टर मास्सा या मळेवाल्याने १९८७ साली मात्र त्याचेच मद्य काढले. लोकांना ते रुचले, आणि तिमोरासोच्या नव्या बागा उभ्या राहिल्या.

तिकडचे काही मळेवाले रासायनिक खते वर्ज्य करतात आणि गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. ही रीत रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ साली सांगितली. शेणाची थोरवी आपल्याला नवी नाही. पण नुसत्या खताने जुना वाण जगत नाही, त्याला गिऱ्हाईक लागते.

तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीच्या बाजारात एखादे ‘गणेश’ डाळिंब मागून पाहा. मागणारा उरला, तरच लावणारा उरेल.