निपाणीला न पोचलेलं पान

चिकोडी-निपाणीच्या रानातली किती पिकं परमुलखातली आहेत, हे आता कुणाच्या ध्यानातही नसतं. तंबाखू, भुईमूग, मका, संकेश्वरची मिरची, ही सगळी मूळची अमेरिका खंडातली. त्यातही तंबाखू आणि भुईमूग यांचं माहेर एकमेकांला लागून, आजच्या बोलिव्हिया आणि उत्तर अर्जेंटिनाच्या पट्ट्यातलं. तिथून पूर्वेला, पराना नदीच्या जंगलात, आणखी एक पान होतं. ते मात्र आपल्याकडे आलं नाही. त्याचं नाव येर्बा माते.

हे झाड हॉलीच्या कुळातलं. नाताळच्या शुभेच्छापत्रावर काटेरी पानांची, लाल फळांची डहाळी असते, तिचं भावंड. या कुळात शेकडो जाती आहेत, सह्याद्रीतही काही आहेत. पण चहा-कॉफीतलं कॅफीन त्यांतल्या मोजक्याच जातींच्या पानांत भरपूर असतं. मातेखेरीज इक्वाडोरकडची ग्वायुसा आणि उत्तर अमेरिकेतली यौपॉन ही त्यांतली नावाजलेली दोन. मिसिसिपीकाठच्या काहोकिया गावी हजारएक वर्षांपूर्वीच्या मडक्यांत अशा हॉलीच्या काढ्याचे अंश सापडले आहेत.

माते पहिल्यांदा ओळखली ती ग्वारानी लोकांनी. ‘माते’ हा शब्द मात्र त्यांचा नव्हे. केचुआ भाषेत ‘माती’ म्हणजे भोपळ्याचं भांडं, आणि स्पॅनिशात ‘येर्बा’ म्हणजे पाला. भोपळ्यातला पाला, एवढाच त्या नावाचा अर्थ. हा भोपळा आपल्या दुध्याच्याच जातीचा. मिरजेत तंबोऱ्यासाठी वाळवलेले भोपळे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ते भांडं ओळखीचं वाटेल. फक्त आकाराने मुठीएवढं. पानं आधी जाळावर झटकन होरपळतात, मग वाळवून कुटतात. भांडं चुऱ्याने निम्म्याच्या वर भरायचं, उकळी येण्याआधीचं गरम पाणी ओतायचं आणि तळाशी गाळणी असलेल्या धातूच्या नळीने ओढून प्यायचं. भांडं एकच, नळीही एकच. एकाचं पिऊन झालं की त्यात पुन्हा पाणी घालून पुढच्याच्या हातात. आपल्याकडे कट्ट्यावर चंची जशी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, तसंच.

मग हे पान इथे का आलं नाही? माझ्या मते पहिलं कारण बियांत आहे.

तंबाखूचं बी हातात घेऊन पाहा. ग्रॅमभर बियांत दहा हजार दाणे सहज भरतात. पेरताना त्यात वाळू किंवा राख मिसळावी लागते, नाहीतर ते वाफ्यात एका जागी पडतं. असं बी खिशाच्या शिवणीत बसून समुद्र ओलांडतं आणि आठ-दहा दिवसांत उगवतं. अकबराचा वकील असदबेग 1604च्या सुमारास आग्र्याला तंबाखू घेऊन गेला, तो विजापुरातून. म्हणजे चिकोडीचा मुलूख ज्या आदिलशाहीत होता, तिथे ती तेव्हाच रुळली होती. कॉफीही अशीच. बाबा बुडन यांनी सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही आख्यायिका कर्नाटकात सगळ्यांना ठाऊक आहे.

मातेच्या बाबतीत सातशे बियांनीही भागलं नसतं. फळ पिकतं तेव्हा बियांतला गर्भ कच्चाच असतो. वरचं कवच टणक. नुसतं मातीत टाकलं तर महिनोन् महिने हालचाल नाही. जंगलात पक्षी फळं खातात, पोटातून गेल्यावर बी उगवतं. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी बी रुजवण्याची हातोटी मिळवली आणि ग्वारानींच्या कष्टावर मोठाल्या बागा उभ्या केल्या. 1767 साली स्पेनच्या राजाने त्यांना हाकललं. बागांत रान माजलं आणि ती हातोटीही विसरली गेली. पुढे हुम्बोल्टचा सोबती, फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ बोंप्लाँ याने पुन्हा लागवड मांडली. पराग्वेचा हुकूमशहा फ्रान्सिया याला आपल्या देशाची मक्तेदारी जायला नको होती. 1821 साली त्याच्या सैनिकांनी बोंप्लाँला पकडून नेलं आणि वर्षानुवर्षं अडकवून ठेवलं. अर्जेंटिनात बी रुजवण्याचं कोडं सुटलं ते 1895च्या सुमारास. ब्वेनोस आइरेसच्या उद्यानांचा प्रमुख कार्लोस थाइस याने बिया गरम पाण्यात भिजत ठेवून उगवून दाखवल्या.

तोवर आसामात चहाचे मळे पसरले होते. 1903 साली चहावर कर बसला आणि त्याच पैशातून पुढे देशभर चहाचा प्रचार झाला. ‘च्या घ्या की’ हे आमच्याकडचं अगत्य त्यानंतरचं.

बी वेळेवर आलं असतं, तरी चिकोडीच्या काळ्या रानात ते टिकलं असतं असं मला वाटत नाही. मातेला तांबडी, आंबूस माती लागते आणि वर्षभर विखुरलेला पाऊस. इथे पाऊस थोडा, त्यातला बहुतेक चार महिन्यांतच. तंबाखूला ही जमीन मानवली, इतकी की 1981 साली तिच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे हजारो शेतकरी निपाणीजवळच्या पुणे-बंगळूर हमरस्त्यावर बसले. आणि त्याच परमुलखातून आलेली भुईमुगाची शेंग आज इथल्या दाण्याच्या चटणीत रोज कुटली जाते.