धर्मानंद कोसंबी परत आले तेव्हा

विहारात त्रिशरण-पंचशील म्हणताना आपल्या लहान मुलांची जीभ आता अडखळत नाही. पाली आपल्या घरातली झाली. पण सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या मराठी माणसाला पाली शिकावीशी वाटली, तर त्याला मुलूख सोडावा लागे. तसा एक माणूस गेला, आणि मुख्य म्हणजे परत आला. ते आचार्य धर्मानंद कोसंबी. त्यांच्या जाण्याच्या गोष्टी पुष्कळांनी ऐकल्या असतील. मला त्यांच्या परतण्याबद्दल लिहायचे आहे.

जन्म १८७६ सालचा, गोव्यातल्या सांखवाळचा. घर सारस्वत ब्राह्मणाचे, माडांची बाग, शाळा नावापुरती. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात बुद्धाचे चरित्र वाचले आणि वेडच लागले. १८९९ च्या अखेरीस घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, मग काशी. तिथे अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. नेपाळात जाऊन निराश झाले. १९०२ साली सिलोन गाठले. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पाली शिकले, चीवर घेतले. पुढे ब्रह्मदेशात गेले. भाषा परकी, ग्रंथांची लिपी परकी, पानात पडणारे अन्नही परके.

आता आपल्या आयाबाया विचारतील तो प्रश्न मीही विचारतो. मागे बाळाबाई होत्या, कडेवर तान्ही माणिक होती. त्यांचे काय? सिद्धार्थाच्या गृहत्यागाची कथा आपण भक्तिभावाने ऐकतो, पण इथे राजवाडा नव्हता की दासदासी नव्हत्या. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार केल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

१९०६ साली धर्मानंदांनी चीवर उतरवले आणि सुमारे सात वर्षांनी ते आपल्या माणसांत आले. भिक्षू राहिले असते तर मान होता, कुठल्याही विहारात जागा होती. तरी ते संसारी झाले. कुणी याला माघार म्हणेल. मला तसे वाटत नाही. शिकलेली विद्या आपल्या लोकांपर्यंत न्यायची तर त्यांच्यातच राहायला हवे, हे त्यांनी ओळखले होते.

त्याची परीक्षाही लगेच झाली. कलकत्त्यात पाली शिकवण्याचे काम मिळाले होते, पगार बरा होता. पण तिथे राहून महाराष्ट्राला काय मिळणार? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी सांगितले की महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहा, महिना ५० रुपये देऊ, वर्षाला एखादे पुस्तक लिहून द्या. धर्मानंदांनी कलकत्ता सोडले आणि ते ५० रुपये घेतले. हो, चांगला पगार सोडून! त्यांची ‘बुद्धलीलासारसंग्रह’ सारखी पुस्तके मराठी घरांत पोचली ती अशा निर्णयामुळे.

पुढे १९१० साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी त्यांना बोलावले. असे ते चार वेळा गेले, आणि चारही वेळा परत आले. १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवली. १९१८ च्या फेरीत माणिक आणि दामोदर या मुलांना सोबत नेले. जिला तान्ही सोडून बाप गेला होता, ती माणिक तिकडे रॅडक्लिफ कॉलेजात शिकली. दामोदर म्हणजे पुढचे थोर इतिहासकार दा. ध. कोसंबी. बाळाबाई मात्र त्याही वेळी मागेच राहिल्या.

‘विसुद्धिमग्ग’ची देवनागरी आवृत्ती १९४० साली निघाली. हार्वर्डची निघाली १९५० साली, त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी. ‘भगवान बुद्ध’ या मराठी ग्रंथात त्यांनी म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडल्याची कथा बाजूला सारली आणि शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे बोट दाखवले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्येही गृहत्यागामागे रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटाच येतो. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून तो भाग जरूर वाचावा.

आणि एक. हार्वर्ड पाहून आलेल्या या पंडिताने १९३७ साली मुंबईत विहार उभारला, तो परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत. नाव ठेवले ‘बहुजनविहार’.