मोठ्यांचा डायपर गळत असेल तर
मढहून ओतूर किंवा जुन्नरला तपासणीसाठी निघताना काही आजी-आजोबा डायपर गळेल या भीतीने सकाळपासून पाणीच पीत नाहीत. असे करू नका. लघवी गडद होऊन जळजळ होते, जंतुसंसर्गाचा धोकाही वाढतो.

गळतीचे कारण बहुधा चुकीचे माप असते. कंबर आणि नितंब टेपने मोजा. जे माप मोठे, त्यानुसार साइज घ्या. सैल डायपर मांडीजवळ गळतो. घातल्यावर मांडीकडची दुमडलेली झालर बोटाने बाहेर काढा. पुरुषांनी लिंग खालच्या दिशेला ठेवावे. दोन डायपर एकावर एक घालू नका. आतल्याचे प्लास्टिक लघवी अडवते. निघण्यापूर्वी डायपर बदला.

गळती अचानक वाढली, ताप आला, लघवीत रक्त दिसले किंवा ओटीपोट फुगून थेंबथेंब लघवी होऊ लागली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.